टूलचं वर्णन लिहिताना
जळगावात केळीवरच्या माझ्या लेखांचं काम एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणारा एआय प्रोग्राम, करतो. त्यासाठी तो टूल वापरतो, म्हणजे लेख साठवण्यासारखं एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम. त्याला टूलचा कोड दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटर, म्हणजे टूलला द्यायची माहिती, जशी तारीख. म्हणून ‘लेख सेव्ह करतो’ असं मोघम लिहू नका. माझ्या याच ओळीमुळे केळीच्या करपा रोगावरचा अर्धवट मसुदा थेट प्रकाशित झाला; त्यात फवारणीचं प्रमाणही तपासलेलं नव्हतं. आता लिहितो: ‘नवा मसुदा साठवतो. प्रकाशित करत नाही. जुना लेख बदलायला दुसरं टूल वापरा.’ टूल काय करत नाही, हे लिहायलाच हवं. तारखेचा नमुना द्या: २०२५-०६-०३. नुसतं ०३/०६ म्हणजे ३ जून की ६ मार्च? शेवटी वर्णन शेजाऱ्याला वाचून दाखवा. तो ‘म्हंजे काय भो?’ म्हणाला, की ती ओळ पुन्हा लिहा.