मोबाइल ॲपमध्ये लाइव्ह डेटाचा गेज कसा लावायचा (आणि काटा खोटं बोलू नये म्हणून काय करायचं)

गेज चार्ट म्हणजे काय ते सांगत बसत नाही, स्पीडोमीटर सगळ्यांनी पाहिलाय. नेटवरचे बहुतेक व्हिडिओ ७२ टक्क्यांवर झकास काटा थांबवतात आणि "झालं!" म्हणून मोकळे होतात, खरा डेटा यायला लागला की काय गोंधळ होतो त्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून इथे चित्र काढायचं पटकन उरकतो. उदाहरण आपल्या मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीचं घेऊ. गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते सेक्रेटरी आणि वॉचमनच्या फोनवर दाखवायचंय. टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर, त्याला ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा बोर्ड), तिथून एमक्यूटीटीवर (ब्रोकर नावाच्या सर्व्हरमार्फत छोटे मेसेज पोचवायची पद्धत) रीडिंग आणि फ्लटरचं (ॲप बनवायची टूलकिट) ॲप. कोटलिनमध्ये (अँड्रॉइड ॲपची भाषा) करत असाल तरी त्रास हेच.

आधी गेज लागतोच का ते बघा. एकच आकडा, त्याला ठरलेला तळ आणि माथा, आणि बघणाऱ्याला "आत्ता किती" एवढंच हवंय, तर गेज. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा दाखवायचा असेल तर सात गेज मांडू नका प्लीज, तिथे सात आडव्या पट्ट्या एकाखाली एक लावा, भातसा किती आणि तुळशी किती ते एका नजरेत कळतं, आणि तो आकडा दिवसातून एकदा बदलणार, त्याला काटा कशाला फिरवायचा.

चित्र: कस्टमपेंटर (फ्लटरमध्ये स्वतः चित्र काढायचा क्लास) घ्या, त्यात ड्रॉआर्कने कमान काढा. शून्य अंश घड्याळातल्या ३ वर असतो आणि कोन काट्यांच्या दिशेने वाढतो, म्हणून सुरुवात १३५ अंशांवर आणि एकूण फिरणं २७० अंश. फ्लटरला रेडियन लागतात, अंश दिले तर कमान भलतीकडेच जाते. काट्याचा कोन म्हणजे १३५ अधिक २७० गुणिले (आकडा वजा किमान) भागिले (कमाल वजा किमान). आकडा आधी किमान-कमालमध्ये क्लॅम्प करा, म्हणजे त्याबाहेर जाऊ देऊ नका. कमान आणि काटा दोन वेगळ्या पेंटरमध्ये ठेवा आणि काट्याला रिपेंट बाउंडरी (तेवढाच भाग वेगळा रंगवायची सोय) द्या, नाहीतर काटा जरा हलला की अख्खी कमान पुन्हा रंगवली जाते आणि वॉचमनच्या जुन्या फोनवर ते जाणवतं.

रंगाचे पट्टे खऱ्या मर्यादांप्रमाणे पाडा. हवेच्या एक्यूआयचा (प्रदूषणाचा निर्देशांक) गेज करताना लोक सहा रंगांचे सहा सारखे तुकडे करतात, पण आपल्याकडचे पट्टे ०-५०, ५१-१००, १०१-२००, २०१-३००, ३०१-४०० आणि ४०१-५०० असे आहेत, पहिले दोन अर्ध्या रुंदीचे. सारखे पाडले तर १५० चा काटा चुकीच्या रंगावर उभा राहतो.

आता मुख्य भानगड. डेटा बदलतो तेव्हा.

पहिली गोष्ट, सेन्सर उड्या मारतो. पंप चालू असला की पाणी हिंदकळतं, मध्येच एक रीडिंग भलतंच येतं. समजा ओळीने ६३, ६१, ६२, १८, ६२ आले. सगळे तुम्हाला सांगतील की सरासरी काढा. काढलीत तर येते ५३, म्हणजे टाकीत कधी नव्हताच तो आकडा. शेवटच्या पाच रीडिंगचं मीडियन (चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घ्या, ६२ येतं आणि तो १८ आपोआप बाजूला पडतो. हे शक्यतो बोर्डावर किंवा सर्व्हरवरच करा, ॲपमध्ये नको, नाहीतर सेक्रेटरीच्या फोनवर एक आणि वॉचमनच्या फोनवर दुसरा आकडा दिसतो आणि मग मीटिंगमध्ये तुमचंच नाव निघतं. एक टक्क्याहून कमी फरक असेल तर काटा हलवूच नका.

दुसरी, ॲनिमेशन. नवीन आकडा आला की काटा शून्यावर जाऊन परत वर येतो, हे इतक्या ॲपमध्ये दिसतं की लोकांना तो फीचर वाटायला लागलाय. काटा जिथे आहे तिथूनच निघाला पाहिजे. फ्लटरमध्ये ट्विनॲनिमेशनबिल्डरला फक्त एंड द्या, बिगिन देऊच नका, पहिल्यांदा काटा थेट जागेवर उभा राहतो आणि नंतर दरवेळी चालू जागेवरून सरकतो. वेळ अर्धा सेकंद पुरे, आणि दोन रीडिंगमधल्या अंतरापेक्षा कमीच हवा, नाहीतर काटा कधी पोचतच नाही. इलास्टिक कर्व्ह (स्प्रिंगसारखी हालचाल) अजिबात नको. टाकी भरत आली की काटा शंभरच्या पुढे जाऊन मागे येतो, आणि वॉचमन फोन करून विचारतो की पाणी सांडतंय का. आणि मधला आकडा ॲनिमेट करू नका, ४० वरून ८० ला जाताना मधले सगळे आकडे खोटेच असतात. काटा सरकू दे, आकडा टपकन बदलू दे.

तिसरी गोष्ट, जिच्यावर मी सगळ्यात जास्त झगडलोय: डेटा यायचा बंद होतो तेव्हा काय. गच्चीवरचा वायफाय गेला, बोर्डाचा ॲडॉप्टर पावसात भिजला, काहीही. मी एका सोसायटीत आधीपासून चालू असलेलं ॲप बघितलं, त्यात रीडिंग नल (null, म्हणजे काहीच नाही) आलं की शून्य धरायचं असं कोणीतरी ठोकून दिलेलं. पहाटे नेट गेलं, काटा शून्यावर, वॉचमनने बिचाऱ्याने पंप चालू केला, टाकी आधीच भरलेली, गच्चीचं पाणी जिन्यावरून वरच्या मजल्यावरच्या दारापर्यंत. शून्य म्हणजे टाकी रिकामी आहे. नल म्हणजे आपल्याला माहीत नाही. या दोन गोष्टी कोडमध्ये कधीच एकत्र येऊ देऊ नका.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त वाईट, कारण दिसत नाही. काटा शेवटच्या आकड्यावर, समजा ८० वर, छान हिरव्यात उभा, आणि तिकडे गच्चीवर टाकी रिकामी होतेय. तुम्ही म्हणाल रीडिंग जुनं झालं की राखाडी करू, सोपं आहे. सोपं नाही. स्ट्रीमबिल्डर (येणाऱ्या डेटावर स्क्रीन बदलणारा फ्लटरचा विजेट) नवीन डेटा आला की चालतो, आणि इथे तर डेटाच येत नाहीये, मग "किती जुनं आहे" ही तपासणी करणार कोण? त्यासाठी ॲपमध्ये वेगळा टायमर लागतो जो दर पाच-दहा सेकंदांनी नुसतं वय बघतो. ॲप बॅकग्राउंडमधून पुढे आलं की टायमरची वाट न बघता लगेच तपासा, कारण फोन खिशात असताना टायमर भरवशाचा नसतो.

एमक्यूटीटीत रिटेन (ब्रोकरने शेवटचा मेसेज साठवून ठेवणं) चालू असेल तर आणखी एक खड्डा. ॲप कनेक्ट झालं रे झालं की ब्रोकर साठवलेला शेवटचा मेसेज देतो, तो कालचा असला तरी आत्ता आल्यासारखाच दिसतो. म्हणून फोनवर मेसेज पोचला ती वेळ धरू नका, रीडिंग घेतलं ती वेळ मेसेजच्या आत पाठवा. बोर्ड रीस्टार्ट झाला की नेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याचं घड्याळ १९७० सालात असतं, तेवढ्यात रीडिंग पाठवायला लावू नका. लास्ट विल (बोर्डाने ब्रोकरकडे आधीच ठेवलेला निरोप) पण लावा, बोर्ड मेला की ब्रोकर स्वतःच सांगतो.

रीडिंग दर ३० सेकंदांनी असेल तर मी असं ठेवतो: ९० सेकंद काही आलं नाही की काटा फिकट आणि खाली "शेवटचं रीडिंग ६:४०", दहा मिनिटं झाली की काटा काढूनच टाकायचा, मधे नुसती रेघ. क्लायंट म्हणतो रिकामा गेज वाईट दिसतो. दिसू दे.

बाकी किरकोळ. आकड्याची जागा ठरावीक रुंदीची ठेवा म्हणजे ९ चा १० होताना सगळं हलत नाही. लाल-हिरव्यावर एकट्यावर भिस्त नको, भर उन्हात गच्चीवर दोन्ही सारखेच दिसतात, शेजारी "कमी", "भरली" असे शब्द लिहा. टॉकबॅकसाठी (स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) सिमँटिक्स लेबल द्या, कमान त्याला वाचता येत नाही.

टेस्ट करताना स्लायडर लावून खोटा डेटा फिरवणं पुरेसं नाही. बोर्डाची वायर उपटा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, ॲप मागे टाकून चहा पिऊन या आणि परत उघडा. तेव्हा काटा हिरव्यात दिमाखात उभा दिसला तर टायमरवाला परिच्छेद परत वाचा.