वटवाघळांवर काम सुरू करताना: लस, हातमोजे, मास्क

नवख्यांचं सगळं लक्ष जाळी आणि प्रजाती ओळखण्याकडे असतं. सुरुवात मात्र दवाखान्यापासून करा. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी घेतात (० म्हणजे पहिल्या मात्रेचा दिवस), त्यामुळे मोहिमेच्या आठवड्यात धावाधाव करून ती पूर्ण होत नाही.

लहान वटवाघळाचा चावा टाचणी टोचल्याएवढा असतो, घामेजल्या हाताला कळतही नाही. म्हणून काम संपल्यावर टॉर्चच्या उजेडात बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात तपासा. चावा असो वा ओरखडा, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावाच, अंदाजाने धुणारा दोन मिनिटांत थांबतो. मग पोव्हिडोन आयोडिन लावून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लस पूर्ण झालेल्यांनाही ० आणि ३ऱ्या दिवशी मात्रा लागते, फक्त इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. ‘लस झालीय ना’ म्हणून घरी बसणं ही नेहमीची चूक.

मोठ्या फळखाऊ वटवाघळांना वेल्डरचे जाड चामडी मोजे ठीक. तेच मोजे पाकोळीएवढ्या जिवासाठी घातले, की पकडीचा अंदाज येत नाही आणि पंखाचं नाजूक हाड मोडतं. तिथे नायट्राइलच्या (पातळ कृत्रिम रबराच्या) मोज्यावर पातळ, मऊ चामडी मोजा बरा.

महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांच्या २०२० मधल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह या विषाणूची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे विषाणू तिथे कधीतरी फिरला होता, प्रत्येक वटवाघळात तो आहे असं नव्हे. तरी थव्याखाली मान वर करून तोंड उघडं ठेवू नका, गॉगल लावा. कोरड्या विष्ठेची धूळ उडाली तर हिस्टोप्लाझ्मा बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जाऊ शकतात. एन-९५ मास्क दाढीवर नीट बसत नाही, मग तो नावापुरताच. दमट गुहेत तो भिजतो, जोडीला दुसरा ठेवा.

उतरवताना आधी बाहेरचे मोजे, मग गॉगल, अंगरखा, आतले मोजे, आणि हात धुऊन शेवटी मास्क. मग पुन्हा हात धुवा. घाई मास्कचीच होते, गुदमरल्यासारखं वाटतं ना! बुटांवरचा चिखल आधी ब्रशने काढा, चिखलात ब्लीच निकामी होतं. ५ टक्क्यांचं ब्लीच १ भाग, पाणी ९ भाग, १० मिनिटं. द्रावण रोज ताजं. कॅलिपर (मोजमापाचं उपकरण) ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या. प्रत्येक वटवाघळाला वेगळी, धुतलेली कापडी पिशवी.

स्वतःला सर्दी-ताप असेल त्या दिवशी नोंदवही धरा, वटवाघूळ नको.