आइस हॉकी कोचचं करिअर कसं वाचायचं, स्कॉटी बोमनवरून शिका

आधी कप मोजू नका. बोमनने हेड कोच म्हणून ९ स्टॅनली कप (NHL या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगची चॅम्पियनशिप) जिंकले, रेग्युलर सीझनच्या १,२४४ मॅचेस जिंकल्या, हे सगळीकडे सापडतं, पण त्यावरून तो माणूस कळत नाही.

पहिलं बघा की टीम कुठली होती. सेंट लुईस ब्लूज १९६७ ला नवीकोरी टीम, आणि तरी १९६८, ६९, ७० सलग तीन फायनल, तिन्ही हरले, मला विचाराल तर हे त्याच्या काही कपांपेक्षा भारी आहे. मग मॉन्ट्रियलमध्ये ५ कप, १९७६-७७ ला तर ८० मॅचमध्ये फक्त ८ हार! बफेलोत कप नाही, ते पण लपवू नका, हिशोबात धरा.

आता खरी गोष्ट, मॅच बघताना खेळाडूंची अदलाबदल बघा. खेळ थांबून परत सुरू होण्याआधी होम टीमला शेवटचा बदल करायला मिळतो, म्हणजे समोरच्याच्या स्टार लाइनसमोर (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) कोणाला सोडायचं ते कोच ठरवतो, आणि बोमन यात उस्ताद होता. डेट्रॉइटला त्याने फेतिसोव, लारियोनोव, कॉन्स्टान्टिनोव, फेदोरोव, कोझलोव या पाच रशियन खेळाडूंना एकत्र उतरवलं, त्यांचा पक (खेळायची रबरी चकती) स्वतःकडे ठेवून मागे वळून खेळायचा प्रकार एकदा नक्की बघाच, डोळे निवतात अक्षरशः.

शेवटी वेगवेगळ्या टीम्स तपासा, मॉन्ट्रियल, पिट्सबर्ग, डेट्रॉइट, तिन्हीकडे कप, आणि २००२ चा जिंकून लगेच रिटायर.