पांढरे ठिपके गेले तरी मासा क्वारंटाइनमधून काढू नका

‘ठिपके गेले, मासा बरा झाला’ असं जो सांगतो, त्याच्या हाताखाली खाऱ्या पाण्याच्या टँकचं काम शिकू नका. कडक बोलतोय, कारण गोव्यात या धंद्यात नव्याने आलेली मुलं या एका वाक्यापायी मासे आणि गिऱ्हाईक दोन्ही घालवून बसताना बघतोय.

मी शिकाऊ होतो तेव्हा कळंगुटच्या एका हॉटेलचा टँक आमच्याकडे होता. क्वारंटाइनमध्ये, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टँकमध्ये, नव्या टँगच्या (हा एक चपटा समुद्री मासा) परांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आले. काही दिवसांत अंग लख्ख. पर्यटकांचा सीझन तोंडावर, मालकाचे फोनावर फोन. वरिष्ठांनी मासा मोठ्या टँकमध्ये सोडायला लावला. थोड्याच दिवसांत आतला प्रत्येक मासा खडकाला अंग घासायला लागला. लॉबीत पाहुण्यांसमोर एकेक मेलेला मासा जाळीने काढताना पोटात आलेला गोळा अजून आठवतो.

हे का होतं ते नीट समजून घ्या, बाकी विसरलात तरी चालेल. हे पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरियन हा परजीवी माशाच्या कातडीखाली साधारण ३ ते ७ दिवस राहून खातो. पोट भरलं की आपणहून सुटतो, तेही बहुधा अंधारात. ठिपका जातो तो असा. मग तो काचेला, वाळूला, पाइपला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं तयार होतात. कवच फुटलं की ती पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मिळाला नाही तर मरतात. यावरचं औषध म्हणजे कॉपर (तांबं), ते मारतं फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला आणि कवचातल्याला ते काही करत नाही. म्हणजे मासा स्वच्छ दिसायला लागतो त्याच दिवसांत औषध टिकवून धरणं सगळ्यात गरजेचं असतं. शिवाय सगळी कवचं एकदम फुटत नाहीत. ७२ दिवसांनी पिल्लं निघाल्याचीही नोंद आहे, म्हणून रोग लागलेला मुख्य टँक ७६ दिवस माशांशिवाय ठेवण्याची पद्धत पडली. मालक कुरकुरेल. कुरकुरू द्या.

कॉपर मी ३० दिवस सलग ठेवतो. चिलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेलं) कॉपर असेल तर बाटलीवर लिहिलेली पातळी पाळा, साधारण २ ते २.५ पीपीएम (दहा लाखात इतके भाग), आयोनिक (मोकळं) असेल तर ०.१५ ते ०.२०. दोन्हींत निदान दसपट फरक आहे, त्यामुळे बाटली कुठली आणि टेस्ट किट कुठल्या कॉपरचं, हे आधी बघा. मध्ये पातळी घसरली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. क्वारंटाइनमध्ये वाळू आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वाढलेले समुद्री खडक) नको, ते कॉपर शोषून घेतात. लपायला पीव्हीसीचे तुकडे पुरे. कोळंबी, कोरल तर अजिबात नको, कॉपरने मरतात. आणि कॉपर असताना अमोनिया काढायचं औषध ओतू नका, दोन्ही मिळून विष होऊ शकतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला आणि नव्या पाण्यात आधी तेवढंच कॉपर घाला. स्पंज फिल्टर मात्र काही आठवडे आधी मुख्य टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या टाकीत) टाकून मुरवून ठेवा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढतात.

एवढं वाचून घाबरू नका. साधा छोटा टँक, एअर पंप, झाकण आणि रोज दहा मिनिटं, एवढ्यात हे जमतं. मायक्रोस्कोप असला तर उत्तम, नसला म्हणून अडत नाही.

घाई करायची ती व्हेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगात. मासा खाणं सोडतो, धापा टाकतो, पाण्याच्या प्रवाहात तोंड धरून राहतो. अंगावरची बारीक धूळ दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. त्याला थांबून बघायचं नसतं, त्याच दिवशी कॉपर. क्लाउन माशाच्या अंगावर शेंबडासारखा थर सुटला तर ब्रुकलिनेला हा आणखी एक परजीवी समजा. तिथे कॉपर कुचकामी, फॉर्मलीन लागतं. तेही जाणकारासमोर, हातमोजे घालून, उघड्या हवेत. फ्लुक्स म्हणजे अंगाला चिकटणारे चपटे जंत, त्यांना प्राझिक्वान्टेल हे जंताचं औषध. सगळ्या रोगांवर एकच बाटली विकणाऱ्याला मी गुरू मानत नाही. रोजचं टेस्ट किटचं रीडिंग वहीत लिहायला लावणारा, तो खरा शिकवणारा. लसणीने परजीवी जात नाहीत आणि क्लीनर श्रिम्प (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी) ठेवून टँक साफ होत नाही, हे गिऱ्हाइकालाही स्पष्ट सांगा.

किनाऱ्यावरून कॅन भरून आणलेलं पाणी फुकट पडतं, पण पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या गोड्या पाण्याने खारेपणा उतरलेला असतो. रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या यंत्राने) बघितल्याशिवाय ते टँकमध्ये जाता कामा नये. मी तरी टँकसाठीचं समुद्री मीठ कालवूनच पाणी करतो.

कवचं पूर्ण सुकली की मरतात, म्हणून एक मासा काढल्यावर दुसरा टाकण्याआधी क्वारंटाइनचं सगळं सामान कोरडं करायचं. जून-जुलैत आपल्याकडे बाल्कनीत टांगलेली जाळीसुद्धा ओलीच राहते. तेव्हा ब्लीचच्या पाण्यात बुडवून, खळखळून धुवा, पंख्याखाली वाळवा. जाळी, बादली, सायफनचा पाइप प्रत्येक टँकला वेगळा ठेवा आणि एका टँकमधला ओला हात दुसऱ्यात घालू नका.