घर बदलले, मत जुन्याच पेठेत राहिले: विधानसभेसाठी नोंदणी आणि मतदान

मतदानाच्या दिवशी ओळखपत्र घेऊन केंद्रावर आलेला आणि यादीत नाव नाही म्हणून परत फिरलेला माणूस पुण्यात प्रत्येक निवडणुकीत भेटतो. मत देता येते ते यादीत नाव असल्यामुळे. समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे, एवढेच काय ते ओळखपत्र सिद्ध करते. त्यामुळे तयारी करायची झाल्यास कपाटातले कार्ड शोधण्याआधी यादीतले नाव शोधावे. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक टाकल्यास मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिसतो. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी १९५० या क्रमांकावर फोन करून विचारावे.

पुणे जिल्ह्यात विधानसभेचे २१ मतदारसंघ असून त्यांपैकी वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, खडकवासला, पर्वती, हडपसर, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ हे आठ शहरातले मानले जातात. कसबा पेठेतील वाडा सोडून धायरीत सदनिका घेतलेले कुटुंब दहा-बारा किलोमीटरच सरकलेले असते, पण त्याचा मतदारसंघ बदललेला असतो. अशा वेळी अनेक जण नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरतात आणि तिथेच चूक होते, कारण जुन्या यादीत नाव तसेच राहून नोंद दुहेरी होते. एकाहून अधिक मतदारसंघांत नाव असणे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ नुसार चालत नाही आणि जाणूनबुजून खोटे घोषणापत्र दिल्यास त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ आहे. २०२२ पासून मतदारसंघाच्या आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही स्थलांतरे त्याच फॉर्मने होतात. नावातील चुकीची दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाच्या जागी नवे कार्ड आणि दिव्यांगत्वाची नोंद यांसाठीही तोच फॉर्म लागतो. पुण्यासारख्या सतत घरे बदलणाऱ्या शहरात माझ्या मते फॉर्म ६ पेक्षा फॉर्म ८ अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचीच माहिती लोकांना कमी असते.

पुनर्विकासाला गेलेल्या सोसायट्यांतील रहिवाशांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. इमारत पाडलेली, मालक दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात, आणि पडताळणीला आलेल्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, पत्त्यावर केवळ पत्रे ठोकलेले कुंपण दिसते. कायदा ‘सामान्य रहिवासी’ ही कसोटी लावतो; त्यानुसार नुसती घराची मालकी पुरेशी नाही, मात्र तात्पुरते बाहेर राहिल्याने रहिवास संपतो असेही नाही. अशा रहिवाशांनी बीएलओशी आपणहून संपर्क ठेवावा, मधल्या काळात यादी दोन-तीनदा तपासावी आणि नाव वगळण्याबाबत नोटीस आल्यास मुदतीत लेखी उत्तर द्यावे.

प्रथमच नोंदणी करणाऱ्यांसाठी फॉर्म ६ आहे. पूर्वी केवळ १ जानेवारी ही पात्रता तारीख, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेली असण्याची तारीख, होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. छायाचित्र, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, बँकेचे पासबुक, वीज, पाणी किंवा गॅसचे बिल अथवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. सदाशिव पेठेत कॉट भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांकडे यांतले काहीच नसते, कारण घरमालक करार करण्यास तयार नसतो. त्यांनीही अर्ज सोडू नये. कागद नसल्यास बीएलओने प्रत्यक्ष जागेवर येऊन पडताळणी करावी, अशी तरतूद आहे. अर्थात गावाकडच्या यादीत नाव असल्यास त्यांनाही फॉर्म ८ च भरावा लागेल.

ऑनलाइन अर्ज भरताना एका ठिकाणी अवश्य थांबावे. इंग्रजीत टाइप केलेल्या नावाचे मराठी रूप यंत्र आपोआप तयार करते आणि ‘काळे’चे ‘काले’, ‘गाडगीळ’चे ‘गडगिल’ होते. मराठी रकाना हाताने दुरुस्त करूनच पुढे जावे, अन्यथा तेच नाव यादीत छापले जाते. अर्ज सादर झाल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. निवडणूक जाहीर झाल्यानंतर धावपळ करणाऱ्यांना फार थोडे दिवस हाती राहतात, कारण उमेदवारी अर्जांच्या अंतिम तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेल्या अर्जांचाच त्या निवडणुकीसाठी विचार होतो.

आता मतदानाचा दिवस. २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत मतदानाची वेळ सकाळी ७ ते सायंकाळी ६ होती. त्या दिवशी आम्ही शाळेच्या आवारात दिसेल त्या रांगेत उभे राहिलो आणि पाऊण तासाने दाराशी पोचल्यावर कळले की आमचा यादी भाग शेजारच्या खोलीत आहे. एकाच शाळेत पाच-सहा केंद्रे असू शकतात. दारावरचा भाग क्रमांक वाचल्याशिवाय रांग धरू नये. घरी येणारी मतदार चिठ्ठी केवळ माहितीसाठी असते, ओळखीचा पुरावा म्हणून ती चालत नाही. मतदार ओळखपत्र नसल्यास आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, छायाचित्र असलेले पासबुक असे पर्याय आहेत. मोबाइल आत नेता येत नाही. सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतील, त्या सर्वांना चिठ्ठ्या वाटून मतदान करू दिले जाते.

आत पहिला अधिकारी यादीतील नाव तपासतो, दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून सही घेतो आणि चिठ्ठी देतो, तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र मोकळे करतो. उमेदवारासमोरचे निळे बटण दाबल्यावर लाल दिवा लागतो. लगेच बाहेर पडू नये. शेजारच्या व्हीव्हीपॅट या छपाई यंत्राच्या काचेआड उमेदवाराचे नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय सर्वांत शेवटी असतो.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे समजल्यास वाद घालत बसण्यापेक्षा केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत, म्हणजेच टेंडर वोट मागावे. ओळख पटल्यानंतर ते यंत्रावर नव्हे, तर कागदी मतपत्रिकेवर द्यावे लागते आणि वेगळ्या पाकिटात ठेवले जाते. नेहमीच्या मतमोजणीत ते मोजले जात नाही, मात्र निकाल न्यायालयात गेल्यास ते पाकीट उपयोगी पडू शकते.