सबस्क्रिप्शनकडे वळणारी कंपनी: नवख्यांनी आधी हिशेब शिकावा

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची विकण्याची पद्धतच बदलायच्या कामावर नव्याने रुजू होत असाल, तर ॲडोबीची 2011 ते 2015 ही वर्षं आकड्यांसकट अभ्यासा. ‘व्हिजन’वरची भाषणं नंतर ऐकली तरी चालतील.

शंतनू नारायण डिसेंबर 2007 मध्ये सीईओ झाले, तेव्हा फोटोशॉप, इलस्ट्रेटर वगैरे ‘क्रिएटिव्ह सूट’च्या खोक्यात विकले जायचे. दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती यायची आणि कित्येक ग्राहक मधली एखादी सरळ गाळायचे. नोव्हेंबर 2011 मध्ये गुंतवणूकदारांना बदलाची दिशा सांगितली, 2012 मध्ये क्रिएटिव्ह क्लाउड, म्हणजे हीच सॉफ्टवेअरं सबस्क्रिप्शनवर देणारी सेवा, आलं आणि मे 2013 मध्ये जाहीर झालं की सीएस6 (क्रिएटिव्ह सूटची सहावी आवृत्ती) नंतर खोकं बंद.

आता हिशेब. समजा, सॉफ्टवेअर कायमचं वापरायचा परवाना 60,000 रुपयांचा आहे. विकला की सगळी रक्कम त्याच तिमाहीत उत्पन्न म्हणून दिसते. महिना 3,000 रुपयांवर सप्टेंबरात आलेला ग्राहक डिसेंबरअखेर जेमतेम 12,000 देतो. म्हणजे सबस्क्रिप्शन जितकं जोरात खपेल, तितकं त्या वर्षीचं उत्पन्न घसरतं! ॲडोबीचं उत्पन्न 2012 च्या सुमारे 440 कोटी डॉलरवरून 2013 मध्ये 405 कोटींवर आलं, नफा 83 कोटींवरून 29 कोटींवर. 2015 मध्ये उत्पन्न 480 कोटींवर गेलं.

मधल्या खड्ड्यात नेतृत्व टिकलं, कारण नवी मापं बाजाराला आधीच दिली होती: सदस्यसंख्या आणि वर्षभराचं आवर्ती उत्पन्न (चालू सबस्क्रिप्शनमधून वर्षाला येत राहणारी रक्कम). 2013 अखेर सदस्य 14 लाखांवर होते. हीच मापं घसरणीनंतर पुढे केली असती, तर ती सबब वाटली असती.

आतली दुखणी वेगळी. विक्रेत्याचं कमिशन पहिल्या मोठ्या बिलावर राहिलं तर तो जुनाच परवाना रेटतो. ते नूतनीकरणाशी बांधावं लागतं. गळती, म्हणजे सोडून जाणारे ग्राहक, महिन्याला फक्त 3 टक्के म्हटली, तरी वर्षाअखेर शंभरातले 69 उरतात. आणि सेवा चोवीस तास चालवावी लागते: मे 2014 मध्ये लॉगिन दिवसभराहून जास्त बंद पडलं, तेव्हा ग्राहकांचा संताप उघड्यावर आला. सबस्क्रिप्शनच्या सक्तीविरुद्ध सह्यांची मोहीम तर आधीच झाली होती. छायाचित्रकारांसाठी महिना 10 डॉलरच्या आसपासची योजना 2013 मध्येच आली. माझ्या मते हा त्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय.

कामावर रुजू झालात की फायनान्सकडून दोन तक्ते मागा: महिन्यागणिक आलेल्या ग्राहकांच्या तुकड्या आणि त्यातले किती टिकले. तयार नसतील, तर तेच तुमचं पहिलं काम.