चार हातांचा शुबर्ट: तीन ध्वनिमुद्रणं ऐकून आपलं मत कागदावर कसं उतरवावं

९ मे १८२८ रोजी संगीतकार फ्रान्झ शुबर्ट आणि त्याचा मित्र फ्रान्झ लाख्नर एकाच पियानोपुढे शेजारी शेजारी बसले आणि त्यांनी एक नवी रचना वाजवून दाखवली. ऐकणारा होता नाटककार एडुआर्ड फॉन बाउअर्नफेल्ड. त्याने रोजनिशीत एका ओळीत नोंद केली, की शुबर्टने आपली चार हातांसाठीची नवी, अप्रतिम फँटसी (मोकळ्या बांधणीची रचना) ऐकवली. एफ मायनरमधल्या या फँटसीला मिळालेला हा बहुधा पहिला लेखी अभिप्राय. दोनशे वर्षं होत आली, तरी आपण अजून तिथेच आहोत. कुणी ध्वनिमुद्रण पाठवतं, आपण ऐकतो आणि लिहितो, "अप्रतिम!" फार तर "अंगावर काटा आला".

बाउअर्नफेल्डचं तेवढ्यावर भागलं, कारण त्याच्यापुढे एकच वादन होतं. आपल्यापुढे याच रचनेची डझनावारी वादनं आहेत. सगळीच अप्रतिम असतील, तर तुम्हाला नेमकं काय आवडलं हे तुमचं तुम्हालाही कळत नाही. ते कळावं म्हणून मी घरी एक रीत बसवली आहे. मी पेटीवर वाढले, पियानो कधी शिकले नाही, त्यामुळे ही रीत पियानो न येणाऱ्यांसाठीच आहे.

आधी तीन ध्वनिमुद्रणं निवडा. दोन घेतली की सामना होतो आणि आपण पंच होऊन बसतो. पाच घेतली की कान विटतो. तिन्ही एकमेकांपासून लांबची असू द्या. मी घेते ती अशी: मरे पेराया आणि राडू लुपू यांचं १९८४चं, स्व्यातोस्लाव रिख्टर आणि बेंजामिन ब्रिटन यांचं १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या ओल्डबरो महोत्सवात वाजवलेलं, आणि आंद्रेआस श्टायर व अलेक्झांडर मेल्निकोव्ह यांचं फोर्टेपियानोवरचं. पहिली दोन आजच्या भरदार पियानोवरची. तिसरं शुबर्टच्या काळातल्या व्हिएन्नी वाद्याच्या घडणीवरचं. त्या वाद्याला लोखंडी चौकट नाही, तारा बारीक, हातोड्यांना चामडं. सूर लवकर विरतो, आणि म्हणून खालचे सूर कितीही जोरात वाजवले तरी वरच्यांना झाकत नाहीत. हा एक फरक कानाला कळला तरी पहिली संध्याकाळ सत्कारणी लागली म्हणायची. यातलं एखादं मिळालं नाही तर मारिया जुआंव पिरेस आणि रिकार्दो कास्त्रो यांचं घ्या.

आवाज सारखा करून घ्या. हे किरकोळ वाटतं, पण निम्मे निकाल इथेच चुकतात. दोन वादनांत जे जरा मोठ्याने लागलेलं असतं तेच कानाला जास्त चांगलं, जास्त जिवंत वाटतं. वादकाचा त्यात काही संबंध नसतो. सुरुवातीचं अर्धं मिनिट तिन्हींचं लावून पाहा, बटण फिरवून सारखं करा आणि मग हात लावू नका. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. खालच्या सुरांच्या, म्हणजे डाव्या, बाजूला बसलेल्या वादकाचा डावा हात त्यातून जवळपास गायबच होतो, म्हणजे चारातले तीनच हात तुम्ही ऐकता.

नावं झाकायची. ध्वनिमुद्रणं दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा, क्रमही त्यांनाच ठरवू द्या. पहिल्या बैठकीत मी हे केलं नव्हतं. ऐकायला जमलेल्या पाचही जणांनी सगळ्यात प्रसिद्ध जोडी पहिली ठरवली आणि मी खूश झाले, की काय आपल्या लोकांचे कान! पुढच्या महिन्यात तीच माणसं, तीच वादनं, फक्त नावं झाकलेली. पाच जणांचे तीन निकाल.

नावांसारखीच चरित्राचीही अडचण असते. शुबर्ट १८२८मध्येच, १९ नोव्हेंबरला गेला, वयाच्या ३१व्या वर्षी. रचना अर्पण केली आहे कारोलीन एस्टरहाझी या त्याच्या शिष्येला. एवढं कळलं की माणसं "मृत्यूची चाहूल" आणि "न बोललेलं प्रेम" ऐकू लागतात. ऐकू येत असेलही, पण ते बोटांतून आलं की माहितीपत्रकातून, हे ठरवणं अवघड होतं. म्हणून वाचायचं ते नंतर. (आता मीच सांगून बसले आहे, त्याला इलाज नाही.)

पहिल्यांदा सलग ऐका, कागद न घेता. साधारण अठरा ते वीस मिनिटं लागतात. चार भाग आहेत, पण मधे कुठे थांबा नाही. एकातून दुसऱ्यात वाट निघते.

दुसऱ्या ऐकण्याला मात्र जागा ठरवून घ्यायच्या आणि तिन्ही वादनं त्याच जागांवर ताडून पाहायची. मी चार जागा धरते.

पहिली, अगदी सुरुवात. खालच्या बाजूचा वादक हळू आवाजात साथ सुरू करतो आणि तिच्यावर वरच्या बाजूची ओळ येते. पेटीवाल्यांनी पांढरी चार षड्ज धरावा. ओळ खालच्या पंचमावरून षड्जावर चढते, एक लांब सूर आणि त्याला चिकटलेला आखूड सूर, अशा चालीने. त्या आखूड सुराकडे लक्ष द्या. कुणी तो टिचकी मारल्यासारखा वाजवतं, कुणी लांब सुराच्या शेवटी नुसता ओघळू देतं. सगळी रचना या एका लकबीवर उभी आहे, आणि वादकांचा स्वभाव पहिल्या दहा सेकंदांत इथेच कळतो. साथही ऐका. ती नुसती पाण्यासारखी वाहते आहे, की तिलाही आतून ठोका आहे? वादकांच्या पायाकडेही कान द्या. सूर लांबवणारं पेडल एकच, पाय चार. बहुधा खालच्या बाजूचा वादक ते सांभाळतो. म्हणजे वरच्याने कितीही स्वच्छ वाजवलं तरी त्याचे सूर मोकळे राहणार की एकमेकांत कालवले जाणार, हे शेजाऱ्याच्या पायावर ठरतं. आपल्या जुगलबंदीत असं परावलंबन नाही. तिथे प्रत्येकाचं वाद्य प्रत्येकापाशी असतं. इथे दोघांचे कोपरसुद्धा एकमेकांच्या वाटेत येतात.

दुसरी जागा साधारण दीड मिनिटावर. तीच ओळ, षड्ज तोच, पण कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो. काही जोड्या इथे किंचित थबकतात, जणू पडदा सारून उजेड दाखवतात. काही जोड्या काही झालंच नाही अशा पुढे जातात. मला दुसरा प्रकार जास्त लागतो. पण मावशीचं म्हणणं, की सांगायची गोष्ट असेल तर सांगावी, लपवता कशाला.

तिसरी, पाचव्या मिनिटाच्या आसपास. षड्ज पांढरी चारवरून काळी तीनवर सरकतो, अर्ध्या सुराने वर. लय संथ, सूर ठोकून बसवल्यासारखे, वर कंपनं. दोन वादकांचे चार हात एकाच क्षणी पडले की नाही, हे इथे उघडं पडतं. त्यानंतरचा चपळ भाग मी कागदाशिवायच ऐकते. तो तिघांकडेही छान वाजतो आणि त्याबद्दल लिहायला मला कधी काही सापडलेलं नाही.

चौथी जागा मात्र सोडू नका. शेवटच्या भागात फ्यूग आहे. एक आवाज ओळ उचलतो, ती संपायच्या आत दुसरा आवाज तीच ओळ वेगळ्या सुरावरून धरतो, मग तिसरा. गर्दी वाढत जाते, आवाज चढत जातो आणि सगळं पंचमावर येऊन एकदम तुटतं. शांतता. मग सुरुवातीची ती ओळ पुन्हा, जणू मधलं काही झालंच नव्हतं. रचना संपायला तेव्हा मिनिटभर उरलेलं असतं. ही शांतता मोजा, हाताने ताल धरून. तेवढ्यात पियानोचा उरलेला नाद विरू दिलाय की पेडल सोडून कापलाय, तेही लिहा. फोर्टेपियानोवर ती शांतता कोरडी असते. भरदार पियानोवर आणि मोठ्या सभागृहात ती जरा वेळ भरलेलीच राहते.

लिहिण्यासाठी कागदावर तीन रकाने पाडा: वेळ, कानावर काय पडलं, मला काय झालं. दुसऱ्या रकान्यात फक्त असं लिहायचं, जे शेजारचा माणूस पुन्हा ऐकून पडताळू शकेल. "साथ मोठी झाली", "वरची ओळ साथीनंतर आली", "गंधारापाशी थांबले". "दुःखी", "भव्य", "आत्मा ओतलाय" हे सगळं तिसऱ्या रकान्यात. "मला" हा शब्द तिथे गाळायचा नाही.

हे दोन रकाने वेगळे का ठेवायचे, ते एका संध्याकाळी कळलं. एका वादनाच्या सुरुवातीबद्दल मावशीने लिहिलं होतं, "खालचा माणूस दमलाय." माझ्या भाच्याने त्याच जागी लिहिलं, "काय संयम आहे!" दोघं हमरीतुमरीवर आली. शेवटी ते अर्धं मिनिट पुन्हा लावलं आणि दोघांना एकच प्रश्न विचारला: मत सोडा, ऐकू काय येतं? दोघांचं उत्तर एकच होतं. साथीचा सूर प्रत्येक वेळी अपेक्षेपेक्षा केसभर उशिरा येतो. ऐकण्यात भांडण नव्हतंच, भांडण होतं उशिराचा अर्थ काय यावर. मावशीने आयुष्यभर भजनाला साथ केलेली आहे. तिच्या दृष्टीने मागे राहणारा साथीदार एक तर नवशिका किंवा थकलेला. भाचा असली वादनंच ऐकत वाढलाय.

म्हणून कागद एकमेकांना दाखवायचे ते दुसऱ्या रकान्यापासून. तिथे मेळ नसेल तर ती जागा पुन्हा लावा, एक तर कुणीतरी ऐकलेलं नाही किंवा वेळ चुकीची लिहिली आहे. तिथे मेळ असेल तर तिसऱ्या रकान्यावर चहा घेत खुशाल वाद घाला. नावं त्यानंतर उघडायची. नावं कळल्यावर मत बदलावंसं वाटलं तर खोडायचं नाही. खाली वेगळ्या शाईने लिहायचं.

कागदांवर तारीख घाला आणि टाकून देऊ नका. माझ्या पहिल्या कागदावर चौथ्या जागेपुढे, रिख्टर-ब्रिटनच्या वादनाला, लिहिलंय: "शांतता फार लांबवली, मला कंटाळा." दीड वर्षानंतर, नावं झाकलेली असताना, त्याच वादनाच्या त्याच जागेपुढे माझ्याच अक्षरात आहे: "घाई केली." दोन्ही कागद मी एकाच टाचणीला लावून ठेवले आहेत.